भूमी जशी आहे तशी : तबकडी-गोल्फचा खेळ आणि बंगळूरचे पठार

बहुतेक मैदानी खेळांची पहिली मागणी सपाट जमिनीची असते. क्रिकेटची खेळपट्टी रोलर फिरवून तयार करावी लागते, हॉकी व फुटबॉल यांना चहूबाजूंनी समतल मैदान लागते आणि टेनिसचे कोर्ट तर पाणसळ लावूनच आखले जाते. दोन्ही पक्षांना सारखी संधी मिळावी हा यामागील हेतू रास्तच आहे. परंतु निसर्गात सपाट जमीन क्वचितच आयती मिळते. ती निर्माण करावी लागते. म्हणजे कोठे टेकडी कापावी लागते, तर कोठे सखल भाग भरून काढावा लागतो.

या मागणीची किंमत किती मोठी असू शकते हे पाहावयाचे असेल, तर बंगळूर शहराचे उदाहरण घ्यावे. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले हे शहर कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. सोळाव्या शतकात केंपेगौडाने त्याची स्थापना केली तेव्हापासून, आणि आसपासच्या खेड्यांत त्याच्याही पूर्वीपासून, येथील लोकांनी लहानमोठ्या ओढ्यांना बांध घालून तलाव बांधले आणि त्यांच्याच पाण्यावर वस्ती व शेती उभी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळाचे पाणी आले आणि पुढे तलावांची गरज संपली असे मानले जाऊ लागले. मग शहराच्या मध्यभागी सपाट जमीन हवी झाली की दृष्टी तलावांकडे वळू लागली. संपंगी तलावाच्या जागी आज कंठीरव क्रीडागार उभे आहे. शूळे तलावाच्या जागी फुटबॉलचे क्रीडागार आले. कोरमंगल येथील एका तलावाच्या जागेवर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची निवासस्थाने उभारण्यात आली. चल्लघट्ट तलावाच्या क्षेत्रात गोल्फचे मैदान तयार झाले. खेळ ही चांगली गोष्ट आहे याविषयी दुमत नाही. परंतु या शहरात खेळासाठी जमीन मिळविताना पुष्कळदा पाण्याची जागा गेली, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हा असा प्रश्न विचारता येईल की, जमीन सपाट न करता, आहे त्याच चढउतारांवर, खडकांवर व झाडीत खेळता येईल असा एखादा खेळ आहे काय? आपल्या विटीदांडूने हा प्रश्न पूर्वीच सोडविला होता. गल्ली असो, माळ असो वा नदीचे कोरडे पात्र असो, विटीदांडूला कोठेही अडचण पडत नाही. याच जातीचा, पण मोठ्या भूभागावर खेळला जाणारा एक आधुनिक खेळ म्हणजे डिस्क गोल्फ किंवा तबकडी-गोल्फ होय. खडतर नैसर्गिक भूमीवर तो कसा खेळला जातो आणि बंगळूरच्या पठारासारख्या प्रदेशात त्याचे रूप काय होऊ शकेल, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

डब्याच्या झाकणापासून टोपलीपर्यंत

गोल्फचा मूळ खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, वाळूच्या टेकाडांवर व खुरट्या गवतात जन्मला. त्या काळी मैदानाचा कोणी रचनाकार नसे. मेंढ्यांनी चरून आखूड केलेले गवत, वाऱ्याने पाडलेले वाळूचे खळगे आणि मूळचेच चढउतार यांतून खेळाडूने वाट काढावयाची असे. पुढे हा खेळ जगभर पसरला. बंगळूरमध्ये १८७६ साली गोल्फ क्लब स्थापन झाला. भारतातील अतिशय जुन्या गोल्फ क्लबांपैकी तो एक आहे. परंतु वालुकामय किनारा सोडून खेळ जेथे जेथे गेला तेथे तेथे मूळच्या भूमीसारखी भूमी कृत्रिमरीत्या तयार करणे भाग पडले. माती हलविणे, परदेशी गवताची लागवड करणे व त्यास बारमाही पाणी देणे हे गोल्फचे अंगभूत खर्च होऊन बसले. अठरा होलांच्या मैदानास सामान्यतः सव्वाशे ते दीडशे एकर जमीन लागते.

तबकडी-गोल्फची कथा याहून साधी आहे. १९२६ साली कॅनडातील ब्लॅडवर्थ या लहानशा गावी शाळकरी मुले पत्र्याच्या डब्यांची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून गोल्फसारखा खेळ खेळत असत. अमेरिकेत वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा तरुण केक भाजण्याची पत्र्याची थाळी फेकण्याचा खेळ खेळे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लॅस्टिकच्या तबकड्या बनविल्या. त्या काळी आकाशातील ‘उडत्या तबकड्यां’च्या वार्तांनी अमेरिकन लोकांचे मन भारून टाकलेले होते, म्हणून आपल्या तबकडीस त्याने ‘प्लूटो प्लॅटर’ असे ग्रहाचे नाव दिले. १९५७ मध्ये व्हॅम-ओ या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि थोड्याच काळात ती ‘फ्रिस्बी’ या नावाने प्रसिद्ध झाली.

याच कंपनीत काम करणाऱ्या एड हेड्रिक याने तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे घालून तिचे उड्डाण अधिक स्थिर केले. पुढे १९७५ साली त्याच्या प्रयत्नाने कॅलिफोर्नियातील ला कॅन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले पद्धतशीर मैदान तयार झाले. सुरुवातीस लक्ष्य म्हणून खांब वापरले जात. परंतु तबकडी खांबाला लागली की नुसती चाटून गेली, यावरून वाद होऊ लागले. तेव्हा हेड्रिकने खांबाभोवती लोंबत्या साखळ्या आणि खाली लोखंडी टोपली अशी रचना शोधून काढली. साखळ्यांवर आदळलेली तबकडी वेग गमावून टोपलीत पडते. निकालास पंचाची गरज उरत नाही. १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. २००२ साली हेड्रिक मरण पावला तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थींची राख मिसळून काही तबकड्या तयार करण्यात आल्या. आज जगात या खेळाची दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत असली, तरी फिनलंडसारख्या खडकाळ व अरण्यमय देशात हा खेळ विशेष लोकप्रिय झाला आहे.

खेळाचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते : ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकावयाची, ती जेथे थांबेल तेथून पुन्हा फेकावयाची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत टाकावयाची. आरंभस्थान व टोपली मिळून जो एक घटक होतो, त्याला गोल्फच्या परंपरेनुसार ‘होल’ म्हणतात, जरी येथे भोक कोठेच नसते. होलची लांबी बहुधा ६० ते १२० मीटर असते. काही त्याहून पुष्कळ लांब असतात. निष्णात खेळाडूस एखाद्या होलसाठी जितक्या फेकी लागाव्यात अशी अपेक्षा असते, त्या संख्येला ‘पार’ असे म्हणतात. एका होलमागे सरासरीने एक एकर जमीन पुरते.

तबकडी का वळते?

खडतर भूमीवरील खेळ समजून घेण्यापूर्वी तबकडीचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. कारण चेंडू आणि तबकडी यांत मूलभूत फरक आहे. चेंडू मुख्यत्वे गुरुत्वाकर्षणाच्या आज्ञेत असतो, तर तबकडी हवेच्या. तिचा घुमटासारखा वरचा पृष्ठभाग विमानाच्या पंखाप्रमाणे तिला उचलून धरतो आणि तिचे स्वतःभोवती फिरणे तिला उलटीपालटी होऊ देत नाही.

उजव्या हाताचा खेळाडू हात छातीसमोरून आडवा ओढून तबकडी फेकतो तेव्हा ती वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. अशी तबकडी प्रथम वेगात असताना थोडी उजवीकडे झुकते, मग सरळ जाते आणि वेग कमी होताच डावीकडे वळून खाली उतरते. याचे कारण भोवऱ्याच्या वर्तनात सापडते. फिरत्या भोवऱ्याला एका दिशेने ढकलले तर तो त्या दिशेने न कलता तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेने कलतो. तबकडीवर हवेचा दाब ठीक मध्यावर पडत नाही. वेग अधिक असताना तो मध्याच्या मागे पडतो आणि तबकडीचे तोंड खाली दाबू पाहतो. वेग मंदावल्यावर तो मध्याच्या पुढे सरकतो आणि तोंड वर उचलू पाहतो. फिरणारी तबकडी या दोन्ही दाबांना बाजूला कलून उत्तर देते : पहिल्याला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. तळहात पुढे करून, गलोलीतून दगड सुटावा तशी मनगटाच्या झटक्याने फेक केली तर फिरण्याची दिशा उलटते आणि वळणेही उलटतात.

म्हणून अनुभवी खेळाडूजवळ एकच तबकडी नसते. पातळ व धारदार काठाची तबकडी दूरच्या फेकीसाठी, मध्यम काठाची नेमकेपणासाठी आणि जाड, बोथट काठाची टोपलीजवळच्या फेकीसाठी असे तिचे मुख्य प्रकार आहेत. बहुतेकींचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास व वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असते.

येथे बंगळूरच्या उंचीचा प्रश्न येतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते. हवा विरळ म्हणजे तबकडीला आधारही कमी. त्यामुळे मंगळूरच्या किनाऱ्यावर सरळ जाणारी तबकडी बंगळूरला उजवीकडे कमी झुकते आणि डावीकडचे वळण लवकर घेते. फरक लहान आहे. परंतु शंभर मीटरच्या फेकीत एखाद्या झाडाच्या अलीकडून जाणे आणि त्यावर आदळणे यांतील अंतर तेवढेच असू शकते.

पठाराचे रूप

बंगळूरची भूमी दुरून सपाट भासते. पण पायी चालणाऱ्यास ती तशी वाटत नाही. शहर एका कण्यासारख्या उंचवट्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेचे पाणी वृषभावती व अर्कावती यांच्या वाटेने कावेरीस मिळते, तर पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. या उताराच्या वाटांवरच तलावांच्या माळा बांधलेल्या होत्या. एका तलावाचे वाहून जाणारे पाणी कालव्याने खालच्या तलावात जाई.

या भूमीच्या पोटात अतिप्राचीन खडक आहे. लालबाग उद्यानातील कातळ हा त्याचा सर्वांना दिसणारा नमुना होय. पट्टिताश्म जातीचा हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. शहराबाहेर नैर्ऋत्येस रामनगरकडे जाताना ग्रॅनाइटच्या टेकड्या व प्रचंड गोलाकार धोंडे दिसू लागतात. १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटामुळे ते देशभर परिचित झाले. खडकाच्या मधल्या जागेत तांबडी माती, काटेरी झुडपे, सुरू व निलगिरीची लावलेली बने आणि घाणेरीची जाळी असे या परिसराचे सर्वसाधारण चित्र आहे. पावसाने तांबड्या मातीत ओघळी पडतात. जून ते ऑगस्ट या काळात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो पूर्वेकडून येतो.

सपाट मैदान शोधणाऱ्यास यांतील प्रत्येक गोष्ट अडचणीची आहे. तबकडी-गोल्फच्या खेळाडूस मात्र प्रत्येक गोष्ट एकेक प्रश्न घालते. हे प्रश्न कसे सोडवावयाचे ते पाहण्यासाठी आपण अशा भूमीवर कल्पनेनेच तीन होल आखू.

पहिला होल : कातळावरील टोपली

समजा, आरंभस्थान कातळाच्या पायथ्याशी आहे आणि टोपली ८० मीटर अंतरावर, चढाच्या माथ्याजवळ. नवखा खेळाडू वर फेकावयाचे म्हणून तबकडीचे तोंड वर करतो. तबकडी उंच चढते, तिचा वेग संपतो आणि ती मागे घसरत येते. चढावर फेकताना सबंध फेकीची दिशा उताराशी समांतर ठेवावयाची असते. तबकडीचे तोंड त्या दिशेच्या वर नेता कामा नये. हे शिकण्यास पुष्कळ दिवस लागतात, कारण डोळा व हात यांची सवय नेमकी उलट असते.

दुसरा प्रश्न तबकडी उतरल्यावरचा. गवतावर पडलेली तबकडी थांबते. कातळावर पडलेली घसरते, आणि काठावर उभी पडली तर चाकासारखी घरंगळत जाते. म्हणून टोपलीच्या वरच्या बाजूस तबकडी नेण्यापेक्षा खालच्या बाजूस थांबणे हिताचे. खालून चुकलेली फेक चढावर आदळते व बहुधा तेथेच राहते. वरून चुकलेली फेक उताराला लागते.

आता समजा, खेळाडू टोपलीपासून १२ मीटरवर उभा आहे आणि इतक्या अंतरावरून त्याच्या आठ फेकींपैकी दोन टोपलीत पडतात. उरलेल्या सहा चुकतात. सपाट जमिनीवर चुकलेली तबकडी जवळच पडते व पुढच्या फेकीत काम संपते. म्हणजे आठ प्रयत्नांत दोनदा एक फेक आणि सहा वेळा दोन, अशा एकूण १४ फेकी होतात. धोका न पत्करता प्रथम टोपलीपाशी तबकडी नेऊन ठेवावी असे म्हटले तर आठही वेळा दोन, म्हणजे १६ फेकी. सपाट जमिनीवर साहस फायद्याचे ठरते. परंतु उतारावर सहा चुकांपैकी तीन वेळा तबकडी घरंगळत दूर गेली आणि परत येण्यास एक जादा फेक लागली, तर बेरीज दोन अधिक सहा अधिक नऊ, म्हणजे १७ होते. तोच खेळाडू, तीच टोपली व तेच अंतर असूनही उत्तर बदलले, कारण जमीन बदलली. खडतर भूमीवरील खेळाचे मर्म या साध्या हिशेबात आहे. येथे शक्तीपेक्षा जमीन वाचता येणे महत्त्वाचे असते.

दुसरा होल : निलगिरीचे बन

लावलेल्या बनात झाडे ओळींत असतात. ओळीच्या दिशेने पाहिले तर दूरवर मोकळी वाट दिसते. दोन पावले बाजूस सरकले की तेच बन भिंतीसारखे बंद होते. आरंभस्थानाच्या मर्यादेत कोठे उभे राहावयाचे यावरच अर्धा होल ठरतो.

बनात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपलेच बळ. झाडाच्या खोडावर वेगाने आदळलेली तबकडी कोठे जाईल याचा नेम नसतो. ती ज्या झाडीतून परत काढणे कठीण, अशाच ठिकाणी जाऊन पडते. म्हणून येथे दूर जाणारी पातळ तबकडी सोडून मध्यम किंवा जाड काठाची तबकडी हाती घ्यावी, आणि टोपलीचा विचार न करता दोन झाडांमधील पहिली फट एवढेच लक्ष्य मानावे. फट पार झाली की तबकडी कोठे पडेल हा पुढचा प्रश्न. वाट चुकून जाळीत गेल्यावर एका अशक्य फटीतून थेट टोपली गाठण्याचा मोह फार जबर असतो. अनुभवी खेळाडू अशा वेळी बाजूला, प्रसंगी मागेही फेकतो आणि मोकळ्या वाटेवर येतो. एक फेक गमावून तो पुढच्या तीन वाचवितो.

घाणेरीच्या जाळीत गेलेली तबकडी काढण्यासाठी हात घालण्यापूर्वी काठीने झुडूप हलवावे. या प्रदेशात घोणस व नाग आढळतात आणि पाचोळ्याच्या रंगात घोणस सहज मिसळून जाते. हरवलेली तबकडी शोधण्यास नियमाने तीनच मिनिटे मिळतात. हा नियम वेळ वाचविण्यासाठी केलेला असला, तरी अशा जागी तो शहाणपणाचाही वाटतो.

तिसरा होल : वारा आणि ओघळ

तिसरा होल उघड्या माळावर, पश्चिमेकडे तोंड करून. मध्ये पावसाने कोरलेली खोल ओघळ आहे आणि समोरून वारा. समोरच्या वाऱ्यात तबकडीला हवेचा वेग अधिक भासतो. परिणामी ती अधिक उचलली जाते आणि उजवीकडे अधिक झुकते. क्वचित पूर्ण पालथी होऊन जमिनीवर येते. पाठीमागच्या वाऱ्यात याच्या उलट होते : तबकडीला आधार कमी मिळतो व ती लवकर डावीकडे उतरते. म्हणून वाऱ्याविरुद्ध जोर वाढविणे हा उपाय नव्हे. जोरामुळे दोष वाढतोच. सहसा न झुकणारी, जड तबकडी घेऊन ती खालून व सपाट फेकावी हे बरे.

ओघळ ओलांडावी की अलीकडे थांबावे, हा निर्णय वाऱ्यावर सोपवावा. वर्षाच्या ज्या भागात वारा पूर्वेचा असतो त्या भागात हाच होल सोपा होतो. एकाच जागी आखलेला होल ऋतूप्रमाणे दोन वेगळे खेळ देतो. मैदानाची मशागत करून असे वैविध्य आणता येत नाही. ते भूमी व हवा यांच्याकडून फुकट मिळते.

नियमांतील भूमीचा मान

या खेळाच्या नियमांचा बारकाईने विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील बरेचसे नियम खेळाडूपासून भूमीचे रक्षण करणारे आहेत. तबकडी जेथे थांबली तेथे चिन्ह ठेवून त्याच्या मागे २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब एवढ्या जागेत फेकीच्या क्षणी पाय टेकलेला असावा लागतो. समोर फांदी आहे म्हणून ती मोडता येत नाही, बांधून ठेवता येत नाही. उभे राहण्याची जागा अशी निवडावी लागते की जिच्यामुळे झाडझुडपांची हालचाल कमीत कमी होईल. तबकडी झाडावर अडकली तर तिच्या नेमक्या खाली, जमिनीवर, चिन्ह मांडले जाते. चिन्हामागे मोठा धोंडा असून उभे राहणे अशक्य असेल, तर धोंड्याच्या लगेच मागे, टोपलीच्या सरळ रेषेत, उभे राहण्याची मुभा आहे. जागा फारच अवघड असेल तर एक फेक दंड स्वीकारून त्याच रेषेत मागे जाता येते. टोपलीपासून १० मीटरच्या आत असताना फेकल्यावर तोल सावरून दाखविल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही.

या सर्वांमागील तत्त्व एकच : भूमीने जी परिस्थिती दिली ती स्वीकारावी, नाही तर दंड भरावा, परंतु भूमी बदलू नये. ज्या शहरात सपाट मैदानांसाठी तलाव बुजविले गेले, तेथे या तत्त्वाला क्रीडेपलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

खेळाचे ओझे

तथापि हा खेळ सर्वस्वी निरुपद्रवी आहे असे मानणे चूक होईल. हजारो पावले एकाच वाटेने गेली की माती घट्ट होते, तीत पाणी मुरेनासे होते, झाडांची मुळे उघडी पडतात आणि पहिल्याच पावसात वाटेची ओघळ बनते. बंगळूरच्या तांबड्या मातीत व तेथील वळवाच्या जोरदार सरींत हा धोका विशेष आहे. वेगाने आदळणाऱ्या तबकड्यांनी पातळ सालीच्या झाडांना जखमा होतात. पाण्यात पडलेल्या बहुतेक तबकड्या बुडतात आणि प्लॅस्टिक असल्याने तेथेच राहतात. कातळ आपल्याला निर्जीव वाटतो. परंतु त्याच्या फटींत व पावसाळी डबक्यांत जीवसृष्टी असते. विणीच्या काळात तांबडे-काळे होणारे सरडे याच खडकांवर ऊन खातात आणि टिटवी उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालते.

या अडचणींवर उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहीत. प्रत्येक होलसाठी टोपलीच्या दोन-तीन जागा ठरवून त्या आलटून पालटून वापरल्यास जमिनीला विसावा मिळतो. पायवाट उतारावर सरळ न उतरविता आडवी, वळणे घेत न्यावी आणि आरंभस्थानी लाकडाचा भुसा पसरावा. आरंभस्थानासमोरच्या झाडांपुढे लाकडी खांब उभारून त्यांनी आघात झेलावेत. तलावावरून फेक करावी लागेल असा होल आखूच नये. कातळात छिद्र पाडून टोपली रोवण्याऐवजी उचलून नेता येणारी टोपली वापरावी, म्हणजे खेळ संपल्यावर तेथे काहीच शिल्लक राहत नाही. मैदान आखण्यापूर्वी एक पावसाळा व एक उन्हाळा ती जागा नुसती पाहावी, पाणी कोठून वाहते, पक्षी कोठे बसतात आणि गुराखी व पादचारी कोणत्या वाटेने जातात हे टिपून ठेवावे, आणि मगच पहिला होल ठरवावा. ज्या जागा भूवैज्ञानिक किंवा वन्यजीवनाच्या दृष्टीने संरक्षित आहेत त्या या खेळासाठी नाहीतच, हे वेगळे सांगावयास नको.

बंगळूरमध्ये फ्रिस्बीचा दुसरा खेळ, ‘अल्टिमेट’, हौसेने खेळणारे संघ आहेत. त्या खेळास दोन संघ व सपाट मैदान लागते. तबकडी-गोल्फला संघही लागत नाही. एक तबकडी, मोकळी जागा व थोडा संयम एवढे भांडवल पुरते. आजी व नातू एकाच होलवर खेळू शकतात, कारण प्रत्येकाची स्पर्धा मुख्यतः समोरच्या भूमीशी असते. ज्या शहरात मोकळी जागा रोज थोडी थोडी कमी होत आहे, तेथे लोकांना ओबडधोबड जमिनीचे मोल पटविण्यास असा खेळ उपयोगी पडू शकतो. जो माणूस एखाद्या उतारावर दहा वेळा हरला आहे, तो त्या उतारास ‘पडीक जागा’ म्हणणार नाही.

संपंगी तलावाचा एक लहानसा अवशेष क्रीडागाराच्या शेजारी अजून शिल्लक आहे आणि शहराच्या प्राचीन करग उत्सवात त्याला आजही मानाचे स्थान आहे. एवढ्याशा पाण्याभोवती एका मोठ्या तलावाची स्मृती टिकून राहिली आहे. भूमी एकदा सपाट केली की तिचे मूळ रूप परत आणता येत नाही; फार तर त्याची आठवण जपता येते. ज्या टेकड्या, ओघळी व कातळ अद्याप जसेच्या तसे उरले आहेत, त्यांवर खेळावयाचेच असेल तर त्यांच्या अटींवर खेळावे, हाच या खेळाचा पहिला व शेवटचा धडा होय.